पडीक रानातली हरळी

(तुकोबांची पालखी यवतचा मुक्काम आटोपून भांडगाववरून वरवंडकडं गेली, त्या दुपारी. एक भावजय, आणि नर्सची नोकरी करून निवृत्त झालेली तिची नणंद.)

वन्सं : वहिनी, दरसाल वरवंडपर्यंत चालता. यंदा फाट्यावरूनच माघारी?

वहिनी : उन्हाळी लागलीय. धने-जिऱ्याचं पाणी झालं, सब्जा झाला. लघवी दोनदा तपासली, काही निघत नाही. चालताना नुसतं कापड घासलं तरी आग होते.

वन्सं : पाळी जाऊन किती झालं?

वहिनी : सहा वर्षं. आता तिचा काय संबंध?

वन्सं : तिचाच तर आहे. पाळी गेली की अंगातलं इस्ट्रोजेन आटतं. मायांगाचं अस्तर पातळ होतं, ओल जाते. मूत्रमार्गही त्याच हार्मोनवर पोसलेला, म्हणून उन्हाळीसारखं वाटतं.

वहिनी : तिथल्या शिरा मेल्या म्हणायच्या का?

वन्सं : मलाही तसंच वाटायचं. पण निघालं उलटंच. रान पडीक पडलं की हरळी कशी माजते? अमेरिकेत कॅन्सस विद्यापीठात उंदरांच्या माद्यांची अंडाशयं काढून पाहिलं, तर मायांगातले मज्जातंतू दाट झाले. इस्ट्रोजेन दिल्यावर विरळ. मग पाळी गेलेल्या बायकांच्या मायांगाचे बारीक तुकडे तपासले, ते छापून आलं २०१२ साली. हार्मोन न घेणाऱ्यांत तंतू दाट, अंगभर पोचणारं औषध घेणाऱ्यांत कमी, आणि जागेवरच मलम लावणाऱ्यांत तर फारच कमी. दुखणं पोचवणारे तंतूही त्यातच असतात.

वहिनी : मग मलमानं सगळं बधिर नाही व्हायचं?

वन्सं : नाही हो. अस्तर पुन्हा भरतं, रक्त खेळतं, ओल येते, आग कमी होते.

वहिनी : पण हार्मोनानं कॅन्सर होतो म्हणतात.

वन्सं : ती धास्ती २००२ च्या अमेरिकेतल्या अभ्यासानं बसली. तो पोटात घ्यायच्या गोळ्यांचा होता. मलम रक्तात फार थोडं उतरतं. तरी जिला स्तनाचा कॅन्सर होऊन गेलाय, तिनं तिच्या डॉक्टरला विचारल्याशिवाय हात लावू नये. आणि पाळी गेल्यावर लाल डाग दिसला, तर मलम नंतर, तपासणी आधी. तुम्हाला दिसलाय?

वहिनी : नाही. किती दिवस लावायचं?

वन्सं : बहुतेकदा दोन आठवडे रोज रात्री, मग आठवड्यातून दोनदा. गुण यायला काही आठवडे जातात. सोडलं की त्रास परत येतो.

वहिनी : हरळीच मेली! पण डॉक्टरसमोर तोंड कसं उघडायचं?

वन्सं : आत्ता उघडलं तसंच. मी येते बरोबर.

वहिनी : आणि तुमच्या दादांना काय सांगू? तीन वर्षं मी माजघरात निजते. ते गावभर सांगतात, हिला माळकरीपण चढलंय.

वन्सं : उद्या दहाला तयार राहा. त्यालाही गाडीत बसवा.