गर्भवती माता, प्लॅस्टिक आणि बाळाचे आरोग्य

खुरपणी किंवा तोडणी चालू असली की मजुरांसाठी बांधावर चहा येतो. पूर्वी तो किटलीतून येत असे. आता बरेचदा प्लॅस्टिकच्या पिशवीतून येतो. चहा घेणाऱ्यांत एखादी गर्भवती भगिनीही असते. तिच्या दृष्टीने हा बदल दुर्लक्ष करण्यासारखा नाही.

रसायने कोणती?
पीव्हीसी प्लॅस्टिक मुळात कडक असते. ते मऊ व लवचिक व्हावे म्हणून त्यात थॅलेट गटातील रसायने मिसळतात. ही रसायने प्लॅस्टिकला पक्की बांधलेली नसतात. उष्णता व तेल-तूप यांच्या संपर्कात ती पाझरतात आणि अन्नाबरोबर पोटात जातात. पॉलिकार्बोनेट या कडक, पारदर्शक प्लॅस्टिकमधून बिस्फेनॉल-ए हे रसायन सुटते. दोन्ही रसायने संप्रेरकांच्या कामात ढवळाढवळ करतात व वारेतून गर्भापर्यंत पोहोचतात.

बाळावर परिणाम
३७ आठवडे पूर्ण होण्याआधी जन्मलेले बाळ अपुऱ्या दिवसांचे आणि २.५ किलोपेक्षा कमी भरणारे बाळ कमी वजनाचे समजतात. अशा बाळाच्या अंगात ऊब टिकत नाही, दूध ओढण्याची ताकद कमी असते व जंतुसंसर्ग लवकर होतो.

अमेरिकेतील १६ अभ्यासांतील ६,०४५ गर्भवतींची माहिती एकत्र करून २०२२ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. बहुतेक सर्व स्त्रियांच्या लघवीत थॅलेटचे अंश आढळले. ज्यांच्यात काही थॅलेटचे प्रमाण अधिक होते, त्यांच्यात अपुऱ्या दिवसांच्या प्रसूतीची शक्यता १२ ते १६ टक्क्यांनी जास्त दिसली. अशा प्रसूतीला रक्तक्षय, कुपोषण, अतिश्रम, तंबाखू ही कारणेही असतात. त्यामुळे सारा दोष प्लॅस्टिकला देता येणार नाही; पण टाळता येण्यासारखा धोका अंगावर का घ्यावा?

दिलासा देणारी गोष्ट म्हणजे थॅलेट शरीरात फार काळ साठून राहत नाहीत. बरेचसे एक-दोन दिवसांत लघवीवाटे बाहेर पडतात. म्हणून कोणत्याही महिन्यात काळजी घेण्यास सुरुवात केली तरी फायदा होतो.

घ्यावयाची काळजी
१) गरम चहा, आमटी, भाजी प्लॅस्टिकच्या पिशवीत किंवा डब्यात भरू नये. स्टीलची किटली व डबा वापरावा.
२) तेल, तूप व लोणचे काचेच्या, चिनी मातीच्या किंवा स्टीलच्या भांड्यात ठेवावे.
३) पिण्याचे पाणी माठात किंवा स्टीलच्या कळशीत भरावे. प्लॅस्टिकची बाटली उन्हात ठेवू नये.
४) बागेला पाणी देण्याच्या मऊ नळीला तोंड लावून पाणी पिऊ नये.
५) कीटकनाशकाचे रिकामे डबे कितीही धुतले तरी पाणी, धान्य वा दूध यांसाठी वापरू नयेत.
६) जुना आच्छादन कागद, नळ्या व पिशव्या जाळू नयेत. पीव्हीसी जळताना डायॉक्सिनसारखी विषारी द्रव्ये तयार होतात. हा कचरा गोळा करून पुनर्वापरासाठी द्यावा.
७) बाळाला वरचे दूध द्यावे लागल्यास स्टीलची वाटी-चमचा वापरावा.

रोपवाटिकेत रोप दुबळे राहिले, तर पुढे कितीही खत घातले तरी ते पूर्ण सावरत नाही, हा आपला अनुभव आहे. गर्भातील बाळाचेही तसेच आहे. म्हणून गर्भवतीची नाव नोंदणी लवकर करावी, लोहाच्या गोळ्या व सकस आहार वेळेवर द्यावा आणि काही शंका असल्यास आशाताई किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रातील डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. किटलीचा खर्च एकदाच होतो; तिचा उपयोग मात्र घरच्या लेकीसुनांना आणि कामावर येणाऱ्या प्रत्येक भगिनीला होतो.