चित्रासोबत येणारा आवाज
क्रिकेट सामन्याच्या थेट प्रक्षेपणात मैदानाबाहेरील ओबी व्हॅनमधून निघणाऱ्या एस.डी.आय. केबलमध्ये चित्र व आवाज एकत्रच प्रवास करतात. चित्राची एक ओळ संपून दुसरी सुरू होईपर्यंत जो अवकाश राहतो, त्यात आवाजाचे अंक बसवलेले असतात. एचडी चित्रासोबत अशा १६ ध्वनिमार्गिका, चार-चारांच्या गटांत, येऊ शकतात.

मिक्सिंग कन्सोलवरील तंत्रज्ञाला प्रथम या मार्गिका वेगळ्या काढून प्रत्येकीला फेडर नेमून द्यावा लागतो. यालाच रूटिंग म्हणतात. पहिल्या मार्गिकेत मराठी समालोचन आहे की प्रेक्षकांचा गलका, हे यंत्राला कळत नाही. पाठवणाऱ्याने ते लिहून कळवावे लागते. तरीही जाणता तंत्रज्ञ प्रत्येक मार्गिका हेडफोनवर स्वतः ऐकतो, कारण थेट प्रक्षेपणात चूक लाखो घरांत तत्क्षणी पोहोचते.

आणखी एक अडचण असते. प्रक्रियेत चित्र मागे पडते. सेकंदाला २५ फ्रेम असल्यास दर फ्रेममागे ४० मिलीसेकंद. आवाज आधीच वेगळा काढला असेल, तर त्यालाही तेवढेच थांबवावे लागते. अन्यथा चेंडू बॅटपर्यंत पोहोचण्यापूर्वीच टोला ऐकू येतो.