पाण्याचा हंडा आणि ‘शून्य कार्य’

बल, कार्य, शक्ती आणि ऊर्जा हे शब्द विद्यार्थी घरीही ऐकतो. विज्ञानात मात्र त्यांचे अर्थ काटेकोर असतात. सूत्रे पाठ असूनही उदाहरणे अडतात ती येथेच. म्हणून आम्ही हा पाठ विहिरीवरून शिकवतो. पाथर्डी, कर्जत, जामखेडच्या मुलांना उन्हाळ्यातील विहीर समजावून सांगावी लागत नाही.

उदाहरण असे : १० मीटर खोलीवरून १० किलोग्रॅम पाणी २० सेकंदांत वर ओढले. दोर व पोहऱ्याचे वजन सोडून द्यावे. प्रथम बल काढावे : १० × ९.८ = ९८ न्यूटन. मग कार्य : ९८ × १० = ९८० ज्यूल. ही ऊर्जा पाण्यात स्थितिज रूपाने साठते. शक्ती म्हणजे कार्याचा दर : ९८० ÷ २० = ४९ वॅट. एक अश्वशक्ती म्हणजे ७४६ वॅट; म्हणजे एक अश्वशक्तीची मोटार सुमारे पंधरा जणींइतक्या वेगाने पाणी उपसते.

आता तेच पाणी डोक्यावर घेऊन आई सपाट वाटेने, एकसारख्या वेगाने अर्धा किलोमीटर चालली. तिने हंड्यावर लावलेले बल वरच्या दिशेने, विस्थापन आडवे. दोहोंत ९० अंशांचा कोन. म्हणून त्या बलाने केलेले कार्य शून्य!

येथे वर्गात कुजबुज होते, आणि ती व्हावी असेच आम्हांस वाटते. आईचे कष्ट शून्य कसे? उत्तर असे की, सूत्र हंड्याला मिळालेल्या ऊर्जेविषयी बोलते, आईच्या श्रमाविषयी नव्हे. भार तोलून धरताना तिचे स्नायू सतत आकुंचन पावतात. अन्नातून मिळालेली ऊर्जा खर्ची पडते व तिची उष्णता होते. हिशेब चुकलेला नाही. प्रश्न कोणाविषयी आहे, एवढेच पाहावयाचे.

केवळ परंपरेने आले किंवा गुरूने सांगितले म्हणून काही स्वीकारू नका, असे तथागतांनी केसपुत्तच्या कालामांना सांगितले. उदाहरण सोडवतानाही हाच मार्ग : बलाची दिशा काढावी, एकके लिहावीत, आलेले उत्तर अनुभवाशी ताडून पाहावे. न पटल्यास विचारावे. पालकांनीही मुलांना घरी एवढेच विचारावे, “हे उत्तर तुला पटले का?”