न्यायालयाच्या दारात व्यापारी गुपित

कोकाकोला कंपनीने १९७७ साली भारतातील आपला व्यवसाय गुंडाळला, हे जुन्या वाचकांना स्मरत असेल. परकीय चलन नियमन अधिनियमान्वये तिने आपला भांडवली हिस्सा कमी करावा व तांत्रिक ज्ञान भारतीय कंपनीकडे सोपवावे, असा शासनाचा आग्रह होता. पेयाचे सूत्र हातचे जाण्यापेक्षा एवढी मोठी बाजारपेठ सोडणे तिने पत्करले. त्याच सूत्राचा प्रश्न १९८५ मध्ये अमेरिकेतील डेलावेअर येथील संघीय न्यायालयापुढे आला. ‘डाएट कोक’चा अर्क जुन्या करारातील अटींनुसारच मिळाला पाहिजे, असे बाटल्या भरणाऱ्या व्यावसायिकांचे म्हणणे होते, हे पेय निराळे असल्याने तो करार त्याला लागू नाही, असे कंपनी म्हणत होती. दोन्ही पेये एकच की भिन्न, हे ठरविण्यास सूत्र पाहणे आवश्यक आहे, असे न्यायालयाचे मत पडले. सूत्र जगजाहीर करावयाचे नव्हते. विरुद्ध बाजूचे वकील व स्वतंत्र तज्ज्ञ यांनाच ते दाखवावयाचे होते. तरीही कंपनीने नकार दिला.

न्यायालयाचा रोष पत्करून गुपित राखणे अशा बलाढ्य कंपनीलाच परवडते. आपल्याकडील लहान उद्योजकापुढे तोच पेच अधिक बिकट स्वरूपात उभा राहतो. रंगाचे मिश्रण, मसाल्याचे प्रमाण, पोलादाला पाणी देण्याची पद्धत, ग्राहकांची यादी व त्यांना दिलेले दर, हेच त्याचे खरे भांडवल असते. पेटंट घेणाऱ्याला आपला शोध प्रसिद्ध करावा लागतो व त्याबदल्यात वीस वर्षांचे संरक्षण मिळते. गुपिताला मुदत नसते. मात्र ते एकदा फुटले की पुन्हा गुपित होत नाही. समजा, नोकरी सोडताना कोणी सूत्रांची वही घेऊन प्रतिस्पर्ध्याकडे गेला. मालकाने दावा लावावयाचा, तर काय चोरीला गेले हे न्यायालयास सांगणे भाग आहे. वादपत्रात ते लिहिले की ते अभिलेखात गेले, प्रतिवादीच्या हाती पडले, उघड न्यायालयात वाचले गेले. चोराने एकाला सांगितलेली गोष्ट फिर्यादीनेच सर्वांना सांगावी, असा हा प्रकार होतो.

न्यायदान उघडपणे व्हावे, हे तत्त्व आपण स्वीकारलेले आहे आणि ते योग्यच आहे. दिवाणी प्रक्रिया संहितेचे कलम १५३-ब दिवाणी न्यायालयाची जागा सर्वांना खुली मानते. परंतु न्यायाधीशास योग्य वाटल्यास लोकांना अथवा विशिष्ट व्यक्तीला मज्जाव करण्याचा अधिकारही तेच कलम देते. हा अपवाद १९७६ च्या दुरुस्तीने संहितेत आला, तरी त्याचा पाया मुंबईत आधीच घातला गेला होता. ‘ब्लिट्झ’ साप्ताहिकाविरुद्धच्या अब्रुनुकसानीच्या दाव्यात एका साक्षीदाराने तक्रार केली की, आपली पूर्वीची साक्ष छापून आल्याने आपल्या धंद्याचे नुकसान झाले. मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती तारकुंडे यांनी त्याची पुढील साक्ष प्रसिद्ध करू नये, असा आदेश दिला. त्याविरुद्ध वार्ताहर सर्वोच्च न्यायालयात गेले. नरेश श्रीधर मिरजकर विरुद्ध महाराष्ट्र राज्य या नावाने प्रसिद्ध असलेल्या या प्रकरणाचा निकाल १९६६ मध्ये नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने दिला. न्यायदानासाठी खरोखरच आवश्यक असेल तेव्हा सुनावणी बंद दाराआड घेण्याचा अंगभूत अधिकार उच्च न्यायालयास आहे, असे सरन्यायाधीश गजेंद्रगडकर यांनी बहुमताच्या निकालात म्हटले. न्यायमूर्ती हिदायतुल्ला यांनी भिन्नमत नोंदविले. उघड न्यायाचा कैवार घेणाऱ्यांनी ते अवश्य वाचावे. इंग्लंडमध्ये स्कॉट विरुद्ध स्कॉट या १९१३ च्या प्रकरणात तर गुप्त प्रक्रियेचाच दाखला देण्यात आला होता : ज्या वस्तूसाठी दावा लावला, तिचाच सुनावणीने नाश होत असेल, तर उघडपणाचा आग्रह न्यायालाच मारक ठरतो.

अधिकार आहे, पण तो आपोआप वापरला जात नाही. तो मागावा लागतो, आणि पहिल्याच दिवशी मागावा लागतो. वादपत्रात सूत्राची ओळख पटेल एवढेच वर्णन द्यावे, प्रत्यक्ष सूत्र मोहोरबंद लिफाफ्यात सादर करण्याची परवानगी मागावी, आणि विरुद्ध पक्षास त्यातील काय व कोणत्या अटींवर दाखवावे याचा आदेश मागावा. येथे दुसऱ्या टोकाची चूकही होते. ‘आमची सर्व माहिती गोपनीय आहे’ एवढ्या मोघम विधानावर मनाई हुकूम मिळत नाही. झी टेलिफिल्म्स विरुद्ध सनडायल कम्युनिकेशन्स या दूरचित्रवाणी मालिकेच्या कल्पनेवरून झालेल्या दाव्यात मुंबई उच्च न्यायालयाने २००३ मध्ये सांगितले की, कोणत्या माहितीवर आपण हक्क सांगतो हे वादीने स्पष्टपणे दाखविले पाहिजे. कामगाराने वर्षानुवर्षे कमावलेले हातचे कसब हे मालकाचे गुपित नव्हे, हेही मालकवर्गाने ध्यानात ठेवलेले बरे.

दिल्ली उच्च न्यायालयाने आपल्या मूळ शाखेच्या २०१८ च्या नियमांत यासाठी गोपनीयता मंडळाची योजना केली आहे. प्रत्येक पक्षाने जास्तीत जास्त तीन वकील व दोन बाहेरचे तज्ज्ञ यांची नावे द्यावयाची. हे वकील पक्षकाराच्या पदरी नोकरीस नसावेत व पूर्वीही नसावेत. गोपनीय कागद तेवढ्यांनीच पाहावयाचे, त्यांच्या प्रती काढावयाच्या नाहीत, आणि त्यासंबंधी साक्ष चालू असताना इतरांनी न्यायदालनात थांबावयाचे नाही. योजना उत्तम आहे; पण तिच्यात एक मेख आहे. ज्या पक्षकारावर आरोप आहे, त्यालाच कागद पाहता आले नाहीत, तर तो आपल्या वकिलास काय सांगणार? रंगाच्या मिश्रणातील बारकावे वकिलाला कळत नाहीत, ते कारखान्यातल्या माणसालाच कळतात. इंटरडिजिटल विरुद्ध शाओमी प्रकरणात २०२० मध्ये त्याच न्यायालयाने पक्षकाराच्या स्वतःच्या प्रतिनिधींना पूर्णपणे वगळणारी व्यवस्था नाकारली. शासनाने दिलेल्या मोहोरबंद लिफाफ्याच्या आधारे एका दूरचित्रवाहिनीला परवानगी नाकारण्यात आली होती. त्या प्रकरणी सर्वोच्च न्यायालयाने २०२३ मध्ये या प्रथेवर कठोर टीका केली. गुपित राखताना प्रतिवादीच्या डोळ्यांवर पट्टी बांधता येत नाही.

आणि प्रतिवादीलाही स्वतःची गुपिते असतात, हे आपण सहसा विसरतो. वादीच्या अर्जावरून न्यायालयाने नेमलेला आयुक्त कारखान्यात जाऊन संगणक व वह्या ताब्यात घेतो, तेव्हा चोरलेल्या कागदांसमवेत न चोरलेलेही येतात. केवळ प्रतिस्पर्ध्याच्या घरात डोकावण्यासाठी दावा लावण्याचा मोह कोणासही होऊ शकतो. म्हणून ताब्यात घेतलेले साहित्य मोहोरबंद राहावे व न्यायालयाच्या परवानगीखेरीज वादीस दाखवू नये, अशी अट आदेशातच असणे इष्ट. निकालपत्राचेही तसेच आहे. आता निकाल संकेतस्थळांवर प्रसिद्ध होतात. सूत्राचा तपशील निकालात आला, तर आधीची सारी खबरदारी व्यर्थ.

भारतात व्यापारी गुपितांसाठी स्वतंत्र अधिनियम झालेला नाही. विधी आयोगाने मार्च २०२४ मधील आपल्या २८९ व्या अहवालात तो करण्याची शिफारस केली व विधेयकाचा मसुदाही जोडला. तोवर करार, न्यायालयांचे निर्णय आणि दिवाणी प्रक्रिया संहिता यांवरच भिस्त आहे.

शासकीय कार्यालयांशी याचा संबंध काय, असे कोणी विचारील. न्यायालयात जो कागद मिळाला नाही, तो परवाना देणाऱ्या कार्यालयातून माहितीच्या अधिकारात मागविण्याची वाट प्रतिस्पर्ध्यास मोकळी असते. कारखान्याने प्रक्रियेचा तपशील तेथे सादर केलेलाच असतो. माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ मधील कलम ८(१)(घ) अशा माहितीस संरक्षण देते. मात्र व्यापक जनहित असेल तर ती द्यावी लागते. अर्ज येताच तो सरसकट फेटाळणे अथवा सगळी संचिका झेरॉक्स करून देणे, हे दोन्ही मार्ग सोपे आणि दोन्ही चुकीचे. कलम ११ प्रमाणे पाच दिवसांच्या आत संबंधित उद्योजकास लेखी सूचना द्यावयाची, त्याला म्हणणे मांडण्यास दहा दिवस द्यावयाचे, आणि अर्ज मिळाल्यापासून चाळीस दिवसांच्या आत निर्णय घ्यावयाचा. कलम १० नुसार गोपनीय मजकूर झाकून उरलेला कागद देता येतो. ग्रामपंचायतीच्या कामाचा ठेकेदार आपला मंजूर झालेला दरही गुपित म्हणू लागला, तर मात्र सदस्यांनी त्याचे ऐकू नये. तो पैसा गावाचा आहे.