कोलेस्टेरॉलचें गुणोत्तर व हृदयाचें आरोग्य

गुणोत्तराचीं उदाहरणें सोडवितांना "याचा उपयोग काय?" असा प्रश्न पुष्कळ विद्यार्थ्यांच्या मनांत येतो. घरांतील वडील माणसांच्या रक्ततपासणीचा कागद हातीं घेतला म्हणजे त्याचें एक उत्तर मिळतें. त्यावर एकंदर कोलेस्टेरॉल, एल्. डी. एल्., एच्. डी. एल्. असे आंकडे व बहुधा एक गुणोत्तर छापलेलें असतें. त्याचा अर्थ आम्ही येथें थोडक्यांत सांगतों.

कोलेस्टेरॉल हा मेणासारखा स्निग्ध पदार्थ आहे. पित्ताच्या खड्यांत सांपडणाऱ्या या पदार्थास शेव्रल या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञानें १८१५ सालीं 'पित्त' व 'घट्ट' या अर्थांच्या ग्रीक शब्दांवरून नांव दिलें. तो आपला शत्रु नव्हे. पेशींचीं आवरणें व पित्तरस यांसाठीं तो लागतो, आणि त्याचा बराचसा भाग आपलें यकृतच तयार करतें. परंतु तेल जसें पाण्यांत विरघळत नाहीं, तसा तो रक्तांत विरघळत नाहीं. म्हणून प्रथिनयुक्त कणांतून त्याची ने-आण होते. एल्. डी. एल्. कण फार झाले म्हणजे ते धमनीच्या भिंतींत शिरतात व तेथें कोलेस्टेरॉलचा थर सांठतो. तो थर फुटून त्यावर रक्ताची गुठळी जमली कीं हृदयाचा झटका येतो. एच्. डी. एल्. कण उलट कोलेस्टेरॉल यकृताकडे परत नेण्यास साहाय्य करतात.

अमेरिकेंतील फ्रॅमिंगहॅम येथें १९४८ सालीं ५२०९ स्त्रीपुरुषांची दीर्घ पाहणी सुरू झाली. ज्यांचें एच्. डी. एल्. कमी, त्यांस हृदयविकार अधिक, असें तींत दिसून आलें. एकंदर कोलेस्टेरॉलला एच्. डी. एल्.नें भागण्याचें मर्म यांतच आहे. समजा, दोघां गृहस्थांचें एकंदर कोलेस्टेरॉल दर डेसिलिटरला २०० मिलिग्रॅम आहे. एकाचें एच्. डी. एल्. ५०, दुसऱ्याचें ३२. पहिल्याचें गुणोत्तर ४, दुसऱ्याचें ६.२५. इतर गोष्टी समान असतील, तर दुसऱ्यास धोका अधिक.

परंतु गुणोत्तरही फसवितें. एकाचे आंकडे १५० व ३०, दुसऱ्याचे ३०० व ६० असल्यास दोघांचेंही गुणोत्तर ५ येतें. येथें वजाबाकी करून पाहावी. पहिल्याचे उरतात १२०, दुसऱ्याचे २४०; म्हणजे धमनीस अपायकारक असें कोलेस्टेरॉल दुसऱ्याच्या रक्तांत दुप्पट आहे! शिवाय एच्. डी. एल्. नुसतें वाढविल्यानें रक्षण होतेंच असें नाहीं. तें वाढविणाऱ्या टॉर्सेट्रॅपिब या औषधाचा मोठा प्रयोग, औषध घेणाऱ्यांत मृत्यु अधिक झाल्यामुळें, २००६ सालीं थांबवावा लागला. म्हणून उपचार ठरवितांना आजचे डॉक्टर मुख्यतः एल्. डी. एल्. व वरील वजाबाकी यांकडे पाहतात.

आंकड्यांबरोबरच वय, तंबाखू, रक्तदाब, मधुमेह व घराण्यांतील हृदयविकार यांचाही विचार करावा लागतो. गुणोत्तर चांगलें आलें म्हणून चालू असलेलें औषध कोणी आपल्या मनानें सोडूं नये. तें औषधामुळेंच सुधारलें असण्याचा संभव असतो. आणि छातींत दडपण येऊन घाम सुटला, तर "पित्त झालें असेल" असें म्हणून घरगुती उपाय करीत बसूं नये. तत्काळ रुग्णालय गांठावें.

विद्यार्थ्यांनो, तुमच्या घरीं असा कागद आला तर तो वडिलांपुढें ठेवून वाचा. भागाकार करा, वजाबाकीही करा. आणि निर्णय मात्र डॉक्टरांवर सोपवा. शरीर ही ईश्वराची ठेव आहे. तिचा हिशेब वेळेवर पाहणें हें शहाणपणाचें लक्षण होय.