पेट्रोलची टाकी आणि विजेची बॅटरी

“विजेची दुचाकी घ्यावी काय?” हा प्रश्न शाळेत येणारे पालक व माजी विद्यार्थी आम्हांला वारंवार विचारतात. घरच्या कमाईचा मोठा भाग तीत गुंतणार असल्याने ऐकीव गोष्टींवर उत्तर देणे बरे नव्हे. म्हणून या प्रश्नामागील विज्ञान आम्ही येथे थोडक्यात मांडत आहोत.

प्रथम हिशेब पाहू. एक लिटर पेट्रोलचे वजन सुमारे पाऊण किलो. त्यात जवळजवळ ९ युनिट ऊर्जा असते. युनिट म्हणजे आपल्या वीजबिलातलेच. एक किलो लिथियम-आयन बॅटरीत मात्र, बाहेरचे आवरण धरून, साधारणतः ०.१५ युनिट मावते. म्हणजे वजनास वजन पाहता पेट्रोल सुमारे ऐंशी पट ऊर्जा साठवते.

असे का व्हावे? एक किलो पेट्रोल जळण्यास सुमारे १५ किलो हवा लागते. ती वाटेत मिळते, गाडीला वाहावी लागत नाही. बॅटरीला मात्र रासायनिक क्रियेची सारी सामग्री सोबत बाळगावी लागते. शिवाय पेट्रोल संपत जाते तशी टाकी हलकी होते. बॅटरी रिकामी झाली तरी तिचे वजन तेवढेच राहते.

पण एवढ्यावर निकाल देणे अन्यायाचे ठरेल. इंजिन पेट्रोलमधील सुमारे तीन चतुर्थांश ऊर्जा उष्णतेच्या रूपाने गमावते. विजेची मोटर मिळालेल्या ऊर्जेपैकी ८५ ते ९० टक्के कामी लावते. त्यामुळे ऐंशी पटींचे अंतर वीस-पंचवीस पटींवर येते. तरीही १२ लिटरच्या टाकीची बरोबरी करावयाची तर सुमारे ३० युनिटांची, म्हणजे २०० किलो वजनाची बॅटरी लागेल. साधी १२५ सीसीची मोटारसायकलच सुमारे १२० किलोची असते! चारचाकीत बॅटरी तळाशी पसरता येते. दुचाकीत तेवढी जागा नाही. म्हणून नित्याच्या वापरातील विजेच्या दुचाकीत तीन-चार युनिटांचीच बॅटरी बसवितात. तीन युनिटांत बेताच्या वेगाने ८० ते १०० किलोमीटर जाता येते. वेग वाढविल्यास हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो आणि पल्ला घटतो.

दुसरी अडचण वेळेची. टाकी दोन मिनिटांत भरते. घरातील १५ अँपिअरच्या सॉकेटमधून तासाला जास्तीत जास्त साडेतीन युनिट मिळतात. ३० युनिटांस नऊ तास लागतील. तिसरी अडचण उष्णतेची. सतत तापत राहणारी बॅटरी लवकर जीर्ण होते. म्हणून गाडी सावलीत ठेवणे हितावह.

लिथियम-आयन बॅटरी १९९१ मध्ये बाजारात आली. तिच्या विकासासाठी गुडइनफ, व्हिटिंगहॅम व योशिनो यांना २०१९ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. तैवानमध्ये २०१५ पासून रिकामी बॅटरी देऊन भरलेली घेण्याची केंद्रे चालू आहेत. त्यामुळे वेळेची अडचण बरीच दूर होते, वजनाची नाही.

तेव्हा आमचे उत्तर असे : रोजचे जाणे-येणे चाळीस-पन्नास किलोमीटरचे असेल आणि रात्री घरी वीज खात्रीने मिळत असेल, तर विजेची दुचाकी अवश्य विचारात घ्यावी. दूरच्या गावी वारंवार जावे लागत असेल, तर घाई करू नये. खरेदीपूर्वी बॅटरीची हमी किती वर्षांची आणि नवी बॅटरी कितीला पडेल, हे लेखी विचारून घ्यावे. आणि ऐंशी पटींचे हे अंतर आणखी कसे कमी करावे, हा प्रश्न आम्ही आज वर्गात बसलेल्या मुला-मुलींच्या हाती सोपवितो.