वाळलेला नेचा उपटू देऊ नका

रत्नागिरीजवळच्या आमच्या घरामागे जांभ्याचा जुना गडगा आहे. फणसाची गर्द सावली, शेजारी विहिरीची ओल. पाऊस लागला की फटीफटींतून हंसराज नावाचा नेचा वर यायचा. काळा चकचकीत देठ, दोन्ही बाजूंना पंख्यासारखी पानं, त्यांवर पाणी ठरत नाही. दिवाळीनंतर तो वाळायचा आणि मृगात पुन्हा फुटायचा. कुणी लावलेला नव्हता.

मागची पाखाडी दुरुस्त करायला बागेचा ठेकेदार बोलावला. गडग्याला हात लावू नका, हे त्याला माणसांसमोर बजावलं होतं. शिमग्याच्या सुमारास दुपारी मागे गेले, तर माणसं खुरप्याने फटी साफ करत होती. "काकू, सगळं वाळून गेलंय, कशाला ठेवायचं?" मी घमेल्यातला एक गड्डा उचलून नखाने खरवडला. आत ओल होती, जीव होता. त्याला दाखवला. त्याने नीट पाहिलंसुद्धा नाही. "नेचाच हवा ना? देतो आणून."

आणले काय, तर मूळ अमेरिकेकडचे बोस्टन फर्न, कोकोपीटच्या कुंड्यांत. शिवाय पोतंभर बाशिंग, हाही एक नेचाच. त्याच्या गड्ड्यांना झाडाची साल अजून चिकटलेली होती. म्हणजे कुठल्यातरी झाडावरून ओरबाडलेलं. ते त्याने मातीत पुरलं, पावसात कुजलं. बिलात मात्र 'वाळलेलं गवत काढणे' ही वेगळी रक्कम!

म्हणून सांगते. बाशिंग मातीत लावायचं नसतं. त्याची तपकिरी, रुंद पानं पालापाचोळा धरून ठेवतात, त्यावरच ते जगतं. आंब्याच्या किंवा फणसाच्या खोडावर पहिल्या पावसात सुंभाने बांधा. मुळं साल धरतात. हंसराजाच्या पानाचं लांबलेलं टोक ओल्या मातीला टेकलं की तिथे मुळं फुटतात. श्रावणात ते टोक शेजारच्या फटीत दाबून वर खडा ठेवा, आणि रोप धरेपर्यंत आईपासून तोडू नका. पानाच्या दुमडलेल्या कडेखालचे बीजाणू तपकिरी झाले की पान कागदात ठेवा, आणि झडलेली पूड ओल्या जांभ्याच्या तुकड्यावर भुरभुरून काचेखाली झाका. आधी हिरवा थर धरतो, मग नखाएवढ्या हृदयाकार चकत्या, आणि खऱ्या पानांना काही महिने लागतात. घाई असेल त्याने या वाटेला जाऊ नये.

बाकी नेहमीचंच: सावली हवी, पाणी साचू नये, खत बेताचं.

रानातून उपटून आणलेलं घेऊ नका. राखीव जंगलातून परवानगीशिवाय झाडोरा काढणं 1927 च्या वन कायद्याने गुन्हा आहे, आणि असं आणलेलं बहुतेक जगतही नाही. काम देताना कागदावर लिहून घ्या: विचारल्याशिवाय वाळकी काडीही उपटायची नाही. तोंडी सांगितलेलं कुणी ऐकत नाही.

काकूंनी गवतासाठी पैसे कापले, असं तो ठेकेदार वाडीत सांगत फिरतो. कापले. पुन्हा वेळ आली तर पुन्हा कापेन.